सांता लुझियाला न थांबणारी गाडी

सांता लुझिया,
११ फेब्रुवारी

दुआर्ते बाळा,

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि मागे तुझं टकटक टाइप करणं चालू असतं. मला सगळं ऐकू येतं. पत्राच्या बाबतीत ती लबाडी चालत नाही. पत्र वाचायचं तर हातातलं काम खाली ठेवावंच लागतं. तुझा बाप तरी मला पत्रच लिहायचा, आणि तो तर दिवसभर गाईंच्या मागे असायचा.

आता खरी गोष्ट. रविवारी फादरनी प्रार्थना संपल्यावर वर्तमानपत्र काढलं आणि वेदीजवळ उभं राहून वाचून दाखवलं, की सगळ्या राज्याच्या रेल्वे आणि बस एका सूत्रात ओवायचा आराखडा चाललाय आणि त्याचं वेळापत्रक बसवणाऱ्यांचा मुख्य आपला दुआर्ते आहे. माणसं वळून वळून माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली, नम्रपणा दाखवायला. पण खरं सांगते, छाती अशी फुगली होती की कोटाचं बटण तुटायची वेळ आली. दूध काढणाऱ्या जोआकिमचं पोर सॅक्रामेंटोला बसून सगळ्या कॅलिफोर्नियाला गाडीत बसवणार! मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगून टाकलं, "आता गाडी आपल्या गावात थांबलीच म्हणून समजा."

जुनं स्टेशन तू ओळखणार नाहीस. आपल्या पोर्तुगीज हॉलच्या लोकांनी मिळून छप्पर बदललं, रंग दिला, घड्याळ चालू केलं. तुझ्या गिल काकाच्या नावाचा बाक मी स्वतः घासून ठेवलाय. फक्त गाडी थांबायची बाकी आहे. ती तुझ्याकडे.

तुझ्या इल्डा आत्याचं पत्र आलं होतं. ती तिकडे समुद्राकाठी, पॉइंट लोमाच्या घरातून आता बाहेरच पडत नाही, गुडघे गेले. मला बोलावते. म्हटलं येईन, पण माझी पिकअप सध्या गॅरेजात आहे. जाड पेनाने लिहिलंय, दुकानात बारीक पेनं संपली होती.

तुझी,
लिओनोर आत्या


सॅक्रामेंटो,
२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मी टाइप न करता हाताने लिहितोय, म्हणजे तुला टकटक ऐकू यायची नाही.

वेदीजवळ माझं नाव वाचलं हे ऐकून मला लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं. इथे कोणी आम्हाला ओळखत नाही. आम्ही सहाजण एका खोलीत बसतो, भिंतभर कागद लावलेला आहे आणि त्यावर रेघा मारत असतो. तू विचारशील, यात काय एवढं? तर ऐक. आजपर्यंत प्रत्येकाने आपापली गाडी पळवली. रेल्वे आपल्या वेळेला, बस आपल्या वेळेला. तू स्टेशनवर उतरावंस आणि तुझी बस समोरून निघून जावी, असा सगळा कारभार. आम्ही उलट बाजूने सुरुवात केलीय. गाडी आधी ठरवत नाही, भेट आधी ठरवतो. मोठ्या स्टेशनांवर दर तासाच्या ठोक्याला चारी दिशांच्या गाड्या आणि बस एकाच वेळी यायच्या, दारं उघडायची, माणसांनी इकडून तिकडे जायचं, आणि सगळ्यांनी निघायचं. पुढच्या तासाला पुन्हा तेच. मग डोंगरातल्या माणसालाही समुद्राकाठी जाता येतं, एका तिकिटावर, घड्याळ न बघता.

हे करताना एक अडचण आहे. मधे एक थांबा वाढवला की सहा मिनिटं जातात आणि पुढची भेट चुकते. म्हणून थांब्यांचा विषय फार नाजूक असतो. अजून बरीच कामं व्हायची आहेत. एप्रिलमध्ये आमच्या प्रमुख पाकू थाओ बाई तुमच्याकडे सभा घ्यायला येतील, त्यांना तुमचं म्हणणं सांगा.

पिकअपला काय झालंय? एव्हारिश्तोला सांगून बघून घे, तो दुरुस्तीत हुशार आहे.

तुझा,
दुआर्ते


सांता लुझिया,
९ एप्रिल

दुआर्ते,

काल सभा झाली. तू असायला हवा होतास, पण आला नाहीस ते शहाणपणाचं केलंस. आपल्या माणसाने उघड बाजू घेतलेली बरी दिसत नाही. आतून लढायचं. मला सगळं समजतं.

थाओ बाई चांगल्या आहेत. बारीक अंगाच्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी टेबलावर राज्याचा नकाशा पसरला आणि प्रत्येकाच्या हातात लाल टिकल्या दिल्या. म्हणाल्या, "जिथे तुम्हाला गाडी हवी तिथे टिकली लावा, आणि जिथे तुम्ही जाता तिथेही लावा." दुसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही. आख्खा हॉल रांगेत उभा राहिला आणि सगळ्यांनी आपापल्या टिकल्या सांता लुझियावर चिकटवल्या. शेवटी नकाशावर आपलं गावच दिसेना, नुसता लाल गोळा. थाओ बाई म्हणाल्या, "तुम्हाला कुठे जायचंच नाही का?" तर एव्हारिश्तो म्हणतो, "बाई, आधी निघायला तर मिळू दे!" हसून हसून पुरेवाट झाली.

मग मी त्यांना स्टेशन दाखवलं. बाकावर बसवलं. गोड पाव खायला घातला. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं जपलेलं स्टेशन मी राज्यात कुठे पाहिलं नाही." आता यापुढे काय राहिलं? काम झालंच.

मला एव्हारिश्तोने घरी सोडलं. पिकअप अजून गॅरेजातच आहे.

या पेंटेकॉस्टच्या सणाला, आपल्या हॉलच्या फेस्ताला तू यायचंस. मिरवणुकीत माझ्या बाजूने चालायचंस, म्हणजे लोकांना दिसेल कोणी काय केलं ते.

आत्या


सॅक्रामेंटो,
२८ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र मी तीन वेळा फाडून पुन्हा लिहितोय.

गाडी सांता लुझियाला थांबणार नाही. अंतिम आराखडा सोमवारी छापायला गेला. आणि तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो, हा निर्णय थाओ बाईंचा नाही. तो माझा आहे. तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं तेव्हा माझी रेघ मारून झालेली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. "अजून बरीच कामं व्हायची आहेत" असं लिहून मी वेळ मारून नेली. सभेला आलो नाही तेही याचसाठी. मी आतून लढत नव्हतो, आत्या, मी तोंड लपवत होतो.

कारण ऐकून घे. आपल्याकडे थांबून निघाली तर गाडी फ्रेस्नोला उशिरा पोचते. तिथे दक्षिणेची गाडी उभी, डोंगराकडची बस उभी, शेतमजुरांच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या बस उभ्या. त्या सगळ्यांनी थांबायचं, म्हणजे पुढे लॉस एंजेलिसची भेट मोडते. किंवा त्यांनी निघून जायचं, म्हणजे आपल्या माणसांनी तासभर उन्हात बसायचं. तुमच्यासारख्या आणखी अकरा गावांनी थांबा मागितला होता. त्यांच्याकडे वेदीजवळ नाव वाचावं असा कोणी भाचा नव्हता. त्यांना "नाही" म्हणून मी तुला "हो" कसं म्हणू?

तुमच्या स्टेशनात दर तासाला बस येईल. ती गाडीला जोडूनच असेल. पण तुला बस नको होती, हे मला माहीत आहे.

तुझा,
दुआर्ते


सांता लुझिया,
६ मे

श्री. दुआर्ते यांस,

पत्र मिळालं. शेजारच्या ग्रासाकडून दोनदा वाचून घेतलं, कारण पहिल्यांदा खरंच वाटेना.

सगळ्या राज्याला उजेड देणाऱ्याच्या दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो आम्ही डोळ्यांनी बघितला. मी गावभर सांगत सुटले आणि तू तिकडे रेघ मारून मोकळा. सॅक्रामेंटोला बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि त्यात आपल्याच घरची शेळी आधी हाकलायची! नियम कडक आहेत हे दाखवायला दुसरं गाव नाही सापडलं?

बसचं मला सांगू नकोस. या दरीत बसची वाट बघत माणसं म्हातारी झाली. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

या वर्षी फेस्ताला येऊ नकोस. आलास तर जेवायला मिळेल, कारण आमच्या हॉलच्या दारातून कोणालाही उपाशी पाठवत नाहीत, हा तुझ्या आजोबांच्या बेटावरून आलेला रिवाज आहे. पण माझ्या टेबलाला बसू नकोस.

लिओनोर


सॅक्रामेंटो,
१९ जून

प्रिय आत्या,

मी फेस्ताला आलो होतो.

तुझ्या टेबलाला बसलो नाही. मागच्या दाराजवळ, बदाम कारखान्यातल्या कामगारांच्या लांब टेबलावर बसलो. पावावर रस्सा ओतलेला, त्यावर पुदिना, आणि कोबी अगदी मऊ शिजलेला. तसं सोपास मी वर्षभर कुठे खाल्लं नव्हतं. मग तू मांसाचं पातेलं घेऊन आमच्या टेबलाकडे आलीस. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर शोभा होणार. तू माझ्यासमोर उभी राहिलीस, माझ्या तोंडाकडे बघितलंस, हसलीस आणि म्हणालीस, "लाजू नकोस रे बाबा, अजून घे. दुरून आलेला दिसतोस."

आत्या, तू मला ओळखलं नाहीस. दोन हातांवरून.

मी तसाच बाहेर आलो आणि एव्हारिश्तोला धरलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, पिकअप गॅरेजात नाहीच. ती त्याच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभी आहे. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांचं सांगितलं आणि तू लायसन्स स्वतःहून देऊन आलीस. आणि सगळ्यांना बजावून ठेवलंस की दुआर्तेला कळता कामा नये. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? जाड पेन, गॅरेज, ग्रासाकडून वाचून घेणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मला वाटत होतं, तुला गाडी गावाच्या मिरवण्यासाठी हवी आहे. तुला ती इल्डा आत्याकडे जायला हवी होती. स्वतःच्या पायांनी, कोणाला "मला सोड रे" न म्हणता.

हे आधी कळलं असतं तर रेघ बदलली असती का? तुझ्याशी आता खोटं बोलणार नाही. नसती बदलली.

पण रागावण्याआधी एक आठव. बाबा ही गोष्ट इतक्यांदा सांगायचे की मला पाठ आहे. दर हिवाळ्यात दरीतल्या सगळ्या हॉलचे अध्यक्ष एकत्र बसायचे आणि कोणाचा फेस्ता कुठल्या रविवारी ते ठरवायचे, म्हणजे एकाचा बँड आणि फेस्ताची राणी दुसऱ्याच्या मिरवणुकीला जाऊ शकेल. ज्या वर्षी शेजारच्या पेड्रा ब्रांकाचा हॉल जळाला, त्या वर्षी त्यांना बँडवाले मोकळे मिळत होते ते फक्त पेंटेकॉस्टलाच, आणि तो रविवार पिढ्यान् पिढ्या सांता लुझियाचा. तू अध्यक्ष होतीस. तू उठलीस आणि तो रविवार त्यांना देऊन टाकलास. घरी आल्यावर गावाने तुला फाडून खाल्लं. तेव्हा तू हॉलच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, "सगळ्यांनीच पहिला रविवार मागितला तर बँडवाले कोणाकोणाकडे वाजवणार?"

सॅक्रामेंटोतल्या त्या भिंतीवर मी जे करतो ते कुठल्याही विद्यापीठात शिकलो नाही, आत्या. ते तुझ्या त्या पायरीवरून आलंय. मला तुझा अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. तुला माझा वाटायचा राहिला असेल, तर ते मी सोसेन.

दुआर्ते


सांता लुझिया,
७ जुलै

दुआर्ते,

तो तू होतास? हिरवा शर्ट? मला वाटलं, कोणीतरी नवीन पोरगा कारखान्यात लागलाय आणि भूक असून मागत नाहीये. दोन दिवस मी स्वयंपाकघरात बसून रडले. रागाने की लाजेने, ते मलाही सांगता येणार नाही. निदान वाढलं तरी भरपूर ना?

ठीक आहे. डोळ्यांचं खरं आहे. मधलं सगळं धूसर दिसतं, कडेचं दिसतं. माणसाचा चेहरा नेमका मधेच असतो. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, "आत्या, सॅक्रामेंटोला चल, माझ्याकडे राहा." मला कोणाकडे राहायचं नाही. मला माझ्या घरी राहायचंय आणि बहिणीकडे जायचंय. इल्डाला आता पायरी उतरता येत नाही आणि मला गाडी चालवता येत नाही. दोघी जिवंत असून एकमेकींना फक्त कागदावर भेटतो. तेवढंच हवं होतं मला तुझ्या गाडीकडून. ते तू ओळखलंस, उशिरा का होईना.

पायरीवरचं माझं वाक्य माझ्याच गळ्यात घातलंस. तुझा बाप असाच होता, गप्प राहून नेमकं तेच काढायचा. रविवार दिला तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं, हे मात्र तुला कोणी सांगितलं नसेल. पेड्रा ब्रांकाची मिरवणूक निघाली आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि डोळे पुसत होते. पण त्यांनी बँड थांबवला, मला बोलावलं आणि मिरवणुकीपुढे मानाने वाहतात तो मुकुट माझ्या हातात दिला. म्हणून सोसलं.

आता माझा सवाल. तुझा भेटीचा हिशोब कागदावर छान आहे. पण जानेवारीत आपल्याकडे धुकं उतरतं तेव्हा काय? स्वतःचा हात दिसत नाही, गाड्या गोगलगायीसारख्या येतात. समज, मी इल्डाकडून परत येतेय, गाडीला फ्रेस्नोला उशीर झाला आणि तुझी शहाणी बस ठोक्याला निघून गेली. मग आंधळी म्हातारी रात्रभर त्या फलाटावर बसणार का?

हॉलमध्ये आमचा नियम तुला ठाऊक आहे. मिरवणुकीतला शेवटचा बँड येऊन जेवल्याशिवाय चुली विझवत नाहीत. मग दुपारची संध्याकाळ झाली तरी चालेल. तुझ्या बसला चूल विझवायची घाई असेल, तर मला ती नको. आणि मला उत्तर गोड नको, खरं हवं.

तुझी आत्या


सॅक्रामेंटो,
२२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, कारण खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मिळवायला हे दिवस गेले.

आमच्या आराखड्यात लिहिलं होतं की बसने गाडीसाठी थोडी मिनिटं थांबावं आणि मग निघावं. बारा महिने, सकाळ असो की संध्याकाळ, एकच नियम. दिवसा ते बरोबर आहे, पुढची बस तासाभरात येतेच. पण दिवसाच्या शेवटच्या बसनंतर काय, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सहाहीजण मोटारीने घरी जातो.

मी मुद्दा मांडला तेव्हा बसवाल्यांच्या प्रतिनिधींनी हात वर केले. "एकदा थांबायला लागलो की वेळापत्रक कसलं?" म्हणाले. मी त्यांना आकडे दाखवले, ते हलले नाहीत. मग मी सोपासची गोष्ट सांगितली. शेवटच्या बँडची. थाओ बाई म्हणाल्या, "त्या गावात मी गोड पाव खाल्लाय. ते लोक घड्याळ चालू ठेवतात आणि चूलही. आपल्याला दोन्ही जमायला काय हरकत आहे?" त्यांची आई लाओसच्या डोंगरातून आली, त्यांच्याकडेही शेवटचा पाहुणा येईपर्यंत भात झाकून ठेवतात म्हणे.

तर आता छापलेलं आहे, आणि फक्त सांता लुझियाला नाही, साऱ्या राज्याला लागू आहे : दिवसाची शेवटची जोडबस तिची गाडी आल्याशिवाय हलणार नाही. मग धुकं असो, बर्फ असो.

आणि दुसरं. गावातलं तुमचं स्टेशन वाया जाणार नाही. पेड्रा ब्रांका आणि आजूबाजूच्या वस्त्यांच्या बस तिथेच, त्या घड्याळाखाली, एकमेकींना भेटतील आणि मग फ्रेस्नोकडे निघतील. ज्या अकरा गावांना मी "नाही" म्हटलं, त्यांनाही असंच जोडलंय. गाडी तुमच्याकडे थांबणार नाही. पण तुमची चुकणारही नाही.

हे सगळं रस्त्यावर यायला वर्षं लागतील, आत्या. तोवर इल्डा आत्याकडे मी घेऊन जातो, सुट्टीत. "मला सोड रे" म्हणू नकोस. मीच म्हणतो, "चल ना गं."

तुझा,
दुआर्ते


सांता लुझिया,
२४ जानेवारी

दुआर्ते बाळा,

हे पत्र ग्रासा लिहिते आहे, मी सांगते आहे. चुका तिच्या, बाकी सगळं माझं.

तू रेघ मारलीस त्याला आता सहा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात तू मला मोटारीने इल्डाकडे नेलंस, त्याबद्दल देव तुझं भलं करो, पण तुझ्या मोटारीत मला झोपेचं सोंग घ्यावं लागायचं, तू इतकं बोलतोस. या खेपेला मी तुला न सांगता गेले. एकटी. पांढरी काठी घेऊन. कळवलं असतं तर तू रजा काढून प्रत्येक स्टेशनवर उभा राहिला असतास.

सकाळी आपल्या स्टेशनवर बाकावर बसले. चहूकडून बस आल्या, पेड्रा ब्रांकाचीही. घड्याळाचे ठोके पडले आणि आम्ही निघालो. फ्रेस्नोला उतरले. दुआर्ते, मला चेहरे दिसत नाहीत, पण कान शाबूत आहेत. या बाजूला गाडी आली, त्या बाजूला गाडी आली, मागे बसचे दरवाजे फुस्स करून उघडले, आणि माणसंच माणसं इकडून तिकडे गेली. कोणी पळत नव्हतं. कोणी शिव्या देत नव्हतं. कोणाची पेटी माझ्या पायाला लागली तर "माफ करा आजी" म्हणून गेला. फेस्ताच्या सकाळी सगळ्या गावांचे बँड एका अंगणात येतात ना, तसं वाटलं. मी तिथेच मधे उभी राहिले. एका मुलीने विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, "कुठे नाही गं, जरा ऐकू दे. माझ्या भावाच्या मुलाने बांधलंय हे." तिला वाटलं, तू गवंडी आहेस. मी दुरुस्त केलं नाही.

दक्षिणेची गाडी, मग डोंगरावरून बस, मग समुद्राकाठची गाडी, मग इल्डाच्या कोपऱ्यावर उतरवणारी बस. सगळं एका तिकिटात. इल्डाने दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाली, "तुला सोडायला कोण आलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही." ती रस्त्याकडे बघत राहिली. मग आम्ही दोघी उंबऱ्यावरच बसलो, कारण तिला उभं राहवेना आणि मला आत जायचा मार्ग दिसेना. हसलो, रडलो, मग तिने माझ्या बुटांवरून मला नावं ठेवली, म्हणजे सगळं ठीक झालं. आठवडाभर राहिले.

परतताना धुकं. बेकर्सफील्डच्या पुढे असं दाट झालं की डब्यातले लोक बोलायचे थांबले. गाडी रांगत होती. माझ्या शेजारी पेड्रा ब्रांकाची एक बाई होती, ती सारखी म्हणायची, "शेवटची बस गेली असणार." मी वरून म्हणत होते, "जाणार नाही, छापलेलं आहे." आतून मात्र माळ जपत होते. खोटं कशाला सांगू, माझा विश्वास निम्माच होता.

फ्रेस्नोला उतरलो तेव्हा सगळा फलाट गप्प होता. मग धुक्यातून इंजिनाची घरघर ऐकू आली आणि पिवळा दिवा दिसला. कडेने दिसतं मला. बस उभी होती. आतली माणसं केव्हाची बसून होती, पण कोणी कुरकुरलं नाही. ड्रायव्हर खाली उतरून दाराशी उभी होती, तरुण पोरगी. मी म्हटलं, "आमच्यासाठी थांबलीस?" ती म्हणाली, "थांबावंच लागतं आजी, नियम आहे. शेवटची बस गाडी आल्याशिवाय हलत नाही." मी विचारलं, "कोणी केला गं हा नियम?" ती म्हणाली, "कोणास ठाऊक. सॅक्रामेंटोतल्या कोणा साहेबाने केला असेल. त्याची आई वाट बघत असणार घरी."

मी पायरीवर उभी राहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "आई नाही. आत्या." पेड्रा ब्रांकाची ती बाई म्हणते मी ओरडले. ओरडले असेन. सहा वर्षांपूर्वी चर्चच्या दारात फुगले होते, तेव्हा त्यात माझा वाटा काय हे मलाच माहीत नव्हतं. त्या रात्री माहीत होतं.

रोज सकाळी आपली गाडी गावातून जाते. थांबत नाही. मी स्टेशनवर बाकावर बसते आणि ती गेली की तिला हात करते, कारण तिच्यात फ्रेस्नोला भेटायला निघालेली माणसं असतात आणि ती वेळेवर पोचायला हवीत. गावातले म्हणतात, म्हातारी न थांबणाऱ्या गाडीला हात करते. म्हणू देत.

आता मुद्द्याचं. सहा वर्षं तू फेस्ताला येतोस आणि अजून मागच्या दाराजवळच बसतोस, कारण मी रागात लिहिलेलं वाक्य मी परत घेतलं नव्हतं. हॉलने या वर्षी मुकुट कोणी वाहायचा ते माझ्यावर सोडलंय. तो तू वाहायचास. पुढे, माझ्या बाजूने.

मोटार आणायची नाही. गाडीने फ्रेस्नोला ये आणि तिथून आपली बस घे. धुकं असो की काही असो, कितीही उशीर होऊ दे. रस्त्यावर सगळा गाव, पेड्रा ब्रांकाचा बँड, राणी, तिच्या मैत्रिणी, सगळे उभे असतील. तू बसमधून उतरल्याशिवाय मिरवणूक हलणार नाही.

आणि हिरवा शर्ट घालून ये. तो मला कडेने ओळखता येतो.

तुझी,
लिओनोर आत्या